मेडशीची मोटार, लाइन नंबर एक

१५ जून १९५३

आजपासून वाशीमच्या मोटार-स्टँडचा इनचार्ज. पद नवीन आहे. माझ्याआधी इथे कोणी नव्हतं, त्यामुळे तुलनेचा प्रश्न नाही.

मालक तीन. बबनराव, कारंज्याची मोटार. चंपतराव, रिसोडची. मोहनसिंग, मेडशीवरून अकोल्याला जाणारी. तिघांनाही एकाच कडुनिंबाखाली मोटार लावायची असते. रोज भांडण. गेल्या महिन्यात एक मडगार्ड चेपलं. म्हणून तिघांनी मिळून माणूस नेमला. अट एकच. तीन महिन्यांत भांडणं थांबली तर नोकरी परमनंट.

तीन महिने जास्त होतात. मला तीन आठवडे पुरतील.

खांडव्याला मी अकरा महिने होतो. दोन रेल्वे, एक स्टेशन. मोठी लाइन, छोटी लाइन. कोणती गाडी कोणत्या लाइनवर, ते आधीच ठरलेलं. कोणी कोणाचं मडगार्ड चेपत नाही. मी पार्सल ऑफिसात लेबलं चिकटवत असे, हे खरं. पण ऑफिसला खिडकी होती.

ललिताला कळवायचं आहे. खांडव्याची नोकरी सुटली त्याच सुमारास दिवाळी आली, आणि ती माहेरी मेडशीला गेली. दिवाळी कधीच संपली, पण तिच्या माहेरचे लोक आग्रही आहेत. जाताना म्हणाली होती, कायमची नोकरी लागली की कळवा. बोलण्याची एक पद्धत असते.

१८ जून

प्लॅन तयार. चुन्याने तीन लाइनी आखल्या. नंबर एक कडुनिंबाखाली, पाण्याच्या टाकीजवळ. नंबर दोन अर्ध्या सावलीत. नंबर तीन नालीकडेला.

नंबर एक अकोल्याच्या मोटारीला दिली. कारण तांत्रिक आहे. ती मेन लाइन.

गोजराबाई कडुनिंबाच्या बुडाशी वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकते. गावाबाहेर तिचा मळा आहे. लाइन नंबर एक तिच्या टोपलीवरून जात होती. टोपली हलवायला सांगितलं. तिने विचारलं, मेडशीच्याच मोटारीले सावली काहून? मी मेन लाइन समजावून सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बायको थितलीच हाये ना तुमची?"

याचा इथे काही संबंध नाही.

टोपली हलली नाही. लाइन थोडी वळवली. रेल्वेतही वळणं असतात.

२१ जून

मालकांची मीटिंग. तिघांनाही प्लॅन पसंत पडला. फक्त तिघांनाही नंबर एक पाहिजे. बबनराव म्हणाले, गावात पोळ्याच्या दिवशी पहिला बैल आमच्या घरचा जातो, आमची मोटार दुसरी कशी लागेल? चंपतराव म्हणाले, बैल पहिला जात असेल, मोटार रस्त्यात बंद पडते त्याचं काय? मोहनसिंग चहा पीत होते. त्यांना नंबर एक मिळालेलीच होती.

रात्रभर विचार करण्याची गरज पडली नाही. तिथेच तोडगा काढला. नंबर एकच रद्द. लाइनी दोन, तीन आणि चार.

सगळे समाधानाने उठले.

२२ जून

आता तिघांनाही नंबर दोन पाहिजे.

२४ जून

अंतिम तोडगा. एक अ, एक ब, एक क. तिन्ही लाइनी एक. असं खांडव्यालाही कोणाला सुचलं नव्हतं.

२५ जून

तिन्ही मोटारींचे लोक एकच ओरडतात: एक नंबर, एक नंबर. रिसोडला जाणारे एक म्हातारबा कारंज्याच्या मोटारीत बसले आणि मंगरूळपीरला उतरले. संध्याकाळी परत आले. तक्रार केली नाही. म्हणाले, तिकडे बहीण होती, तेरा वर्षांत भेट नव्हती, झाली.

म्हणजे सिस्टीममध्ये फायदेही आहेत. तरी जुने नंबर परत आणतो. एक, दोन, तीन. आता माघार नाही.

६ जुलै

चुना वाहून गेला. विटा मांडल्या.

९ जुलै

विटा नऊ कमी. गोजराबाईची बैठक आता उंच झाली आहे. विचारलं. म्हणाली, चिखल झाला, बसू कुठं? पॅसेंजरची सोय हाही स्टँडचा भाग आहे. अशी नोंद केली.

१४ जुलै

ललिताचं कार्ड. एक ओळ. नोकरी कायम झाली का?

चार पानी उत्तर लिहिलं. लाइनींचा नकाशा काढून पाठवला. बाण लाल शाईने.

२७ जुलै

ललिताचं कार्ड. नकाशा पोचला. नोकरीचं लिहिलं नाही.

बायकांना नकाशा वाचता येत नाही. नकाशात सगळं होतं.

३ ऑगस्ट

एक गोष्ट लक्षात आली. लोक लाइन पाहत नाहीत. मेडशीकडचे लोक येतात आणि सरळ गोजराबाईजवळ बसतात. कारंज्याचे टाकीपाशी. रिसोडचे हॉटेलच्या फळीवर. आणि मोटारी लोक असतील तिथे जाऊन उभ्या राहतात. हे पूर्ण उलटं आहे. मोटार आधी, पॅसेंजर नंतर. शिस्तीची सुरुवात पॅसेंजरपासून केली पाहिजे.

शिट्टी घेतली. हिरवी झेंडी शिवायला टाकली. नियम: मोटार लाइनवर येऊन थांबेपर्यंत कोणीही विटेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही.

११ ऑगस्ट

शिट्टीचा चांगला परिणाम. लोक थांबतात आणि माझ्याकडे पाहतात. मोटार तेवढ्यात निघून जाते, पण ते वेळापत्रकाचं काम, दुसरं खातं.

अकोल्याच्या मोटारीचा ड्रायव्हर किसनसिंग. मेडशीचा निरोप तोच आणतो, तोच नेतो. त्याला सहज विचारलं, मेडशीला काय चाललंय? म्हणाला, तुरीला पाणी पाहिजे. सहज म्हटलं, आमच्या घरची माणसं? म्हणाला, वैनी नकाशा साऱ्या आळीले दाखवून राह्यल्या.

अभिमानाने दाखवत असणार.

२३ ऑगस्ट

आठ दिवस भांडण नाही. कारंज्याची मोटार दुरुस्तीला अकोल्याला गेली आहे, हे एक कारण. पण एकच.

मोहनसिंगांना परमनंटबद्दल विचारलं. म्हणाले, पोळा जाऊ द्या, मग तिघं बसून ठरवू. जवळजवळ हो म्हटल्यासारखंच आहे. ललिताला तसं लिहिलं. 'जवळजवळ' शब्द लिहिला नाही. कार्डावर जागा कमी होती.

३१ ऑगस्ट

ललिताचं कार्ड. पोळ्याच्या दिवशी सकाळच्या मोटारीने ट्रंक घेऊन येते.

ट्रंक. शब्द दोनदा वाचला. पिशवी नाही.

लगेच उत्तर. मोटार लाइन नंबर एकवर लागेल. मी तिथेच झेंडी घेऊन उभा असेन. इकडेतिकडे शोधू नये.

५ सप्टेंबर

खोली झाडली. माठ बदलला. भिंतीवर दोन खिळे ठोकले. कशासाठी, ते ती आल्यावर ठरवील.

वाईट बातमी. मालकांनी ठरवलं आहे, पोळ्याला मोटारी बैलांसारख्या सजवायच्या आणि स्टँडच्या तोंडाशी तोरण बांधायचं. पहिली मोटार कोणाची जाईल, यावर दोन दिवस बोलाचाली चालू आहे. मी म्हटलं, प्लॅनप्रमाणे नंबर एकची. बबनराव म्हणाले, प्लॅन लाइनचा आहे, तोरणाचा नाही.

मुद्दा बरोबर आहे. प्लॅनमध्ये तोरण घ्यायला हवं होतं.

८ सप्टेंबर. पोळा

सकाळी सातलाच ड्यूटीवर. इस्त्रीचा सदरा. शिट्टी गळ्यात.

आठला बबनरावांची मोटार तोरणाखालून घुसली आणि सरळ लाइन नंबर एकवर. बॉनेटवर झूल, हेडलाइटला बेगड. मागोमाग चंपतरावांची. तीही लाइन नंबर एकवर. दोघींचे बंपर एकमेकांना टेकले. मग कोणीच मागे जाईना. मान म्हणजे मान.

मी दोघांना सांगितलं, नऊला अकोल्याची मोटार येते, ही लाइन तिची आहे. मेडशीचे पॅसेंजर इथेच उतरणार. तसं लेखी कळवलेलं आहे. चंपतरावांनी विचारलं, कोणाले कळवलं? मी म्हटलं, संबंधितांना.

नऊला मोहनसिंगांची मोटार आली. जागा नव्हती. नालीकडेला, नंबर तीनवर थांबली. त्याकडे मी पाहिलंही नाही. चुकीच्या लाइनवर लागलेली मोटार ही आलेली मोटार धरता येत नाही. आधी नंबर एक मोकळी करायची, मग ती मोटार इकडे घ्यायची, मग पॅसेंजर उतरवायचे. हा क्रम आहे. मी झेंडी उंच धरून दोन्ही मोटारींच्या मधे उभा राहिलो. दोन्ही हॉर्न माझ्या कानाशी.

पॅसेंजर तेवढ्यात नालीकडे उतरून वाटेल तसे येऊ लागले. एक बाई तर ट्रंक घेऊन थेट विटा ओलांडून माझ्या पाठीशी आली. 'अवो' म्हणाली. मी मागे न पाहता शिट्टी मारली. पुन्हा 'अवो, आइका ना.' मी हात लांब करून विटेमागची जागा दाखवली आणि म्हटलं, "इथं अवोबिवो नाही. लाइन." तेव्हा गेली. शिस्त अशी लावावी लागते. गोजराबाई लांबून काही ओरडत होती. तिला नियम कधीच पटले नाहीत.

साडेअकराला लाइन नंबर एक मोकळी झाली. पूर्ण मोकळी. त्या लाइनवर एकही मोटार नव्हती. असं पहिल्यांदाच पाहिलं. समाधान वाटलं.

अकोल्याची मोटार तोवर परत गेली होती. ललिता आली नाही. सणाचा दिवस, माहेरच्यांनी सोडलं नसणार.

९ सप्टेंबर

गोजराबाईने सकाळी बोलावून घेतलं. वांगी तोलत होती. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, काल एक बाई दोन तास माझ्यापाशी बसून होती. ट्रंकेवर. कोणाकडे आली म्हणून विचारलं, तर नाव घेईना. घेईल कशी? नवऱ्याचं नाव बाई घेते का? नुसतं बोट दाखवलं. झेंडीकडे.

मी म्हटलं, स्टँडवर अनेक बायका येतात.

ती म्हणाली, "झेंडी तं एकच हाये ना, रंगराव?"

१० सप्टेंबर

किसनसिंगने निरोप आणला. तो तोंड वळवून, एका दमात बोलला. पाठ केलेलं होतं. "वैनीनं सांगतलं, त्यायले म्हणजो, मी दोन डाव 'अवो' म्हटलं. तिसऱ्या डावाची मले सवय नाही."

मालकांची मीटिंगही आजच झाली. वाद झाला नाही. तिघांचं एकमत, जे आजवर कशावरच झालं नव्हतं. मोहनसिंग म्हणाले, "तुमी याच्या आंधी आमी तिघं भांडत होतो. आता चौघं भांडून राह्यलो."

म्हणजे एकी मीच घडवून आणली. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी आणून दिलं नाही.

झेंडी जमा केली. शिट्टी माझ्या पैशाची होती. ती घेऊन आलो.

११ सप्टेंबर. मेडशी

सकाळच्या मोटारीने आलो. ती कोणत्या लाइनवरून सुटली, पाहिलं नाही. गोजराबाईजवळ बसलो होतो. ती म्हणाली, ऊठ, आली. उठलो.

इथे पोचलो तर ललिता वावरात. सासूबाईंनी ओसरीचा कोपरा दाखवला. म्हणाल्या, थितं बसा. बसलो. चहा आला. समोरच्या घरातली पोरं माझ्याकडे बोट दाखवून 'लाइन, लाइन' म्हणत होती. नकाशा पोचला आहे.

तीन वाजेपर्यंत चार बायका अंगणात आल्या. प्रत्येक वेळी उठून उभा राहिलो. प्रत्येकीचं तोंड नीट पाहिलं. पहिली शेजारीण. दुसरी आणि तिसरी पाणी भरायला आलेल्या. चौथ्या सासूबाईच होत्या. त्या म्हणाल्या, जावईबापू, बसा आता.

पाचवी ललिता. डोक्यावर गवताचा भारा. मी उठलो. काय म्हणायचं ते मोटारीत ठरवलं होतं, तीन मुद्दे होते. एकही आठवला नाही. शेवटी 'अगं' म्हटलं. तिने भारा गोठ्यात टाकला, हात धुतले, लुगड्याला पुसले. पुन्हा म्हटलं, अगं, ऐक ना.

ती ओसरीपाशी आली. वर पाहिलं. माझ्याकडे नाही, छपराकडे. म्हणाली, "थितं गळते. इकडं सरका."

सरकलो.

आता दिवेलागण झाली आहे. आतून भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे. किती ताटांच्या, ते मोजता येत नाही. ही जागा कोरडी आहे. तात्पुरती की परमनंट, ते विचारायचं आहे. उद्या विचारीन.