सहा वर्षं अडलेला ‘भोंगा’

बाबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी तुमच्यावर संशय घेते आहे, हे आधीच सांगून टाकते. संशय जुनाच आहे, फक्त आजवर मी तो दुसऱ्यांवर घेत आले. मला संशयी म्हणतातच सगळे. नांदगाव पेठेच्या कपड्याच्या कारखान्यात माझं कामच ते आहे. शिवून आलेला प्रत्येक शर्ट उजेडात धरायचा, उलटा करायचा, खोट शोधायची. दिवसभर दुसऱ्याच्या शिवणीवर संशय घेऊन झाला की बस धरून बडनेऱ्याला जायचं आणि तिथे गाणं करायचं. गाणं म्हणजे रॅप. तो शब्द तुम्हाला ठाऊक नव्हता, पण धंदा तुमचाच. ठेक्यावर, यमक जुळवत, श्वास न तोडता बोलत राहायचं. तुम्ही ऑटोवर भोंगा बांधून अकोल्यापासून पार हिवरखेडच्या बाजारापर्यंत जाहिराती सांगत फिरायचात, मी आपल्या वऱ्हाडीत माइकसमोर उभी राहते. तुमचं ऐकून लोक निदान बाजारात तरी जायचे. माझं ऐकून मोबाइलवर अंगठा उमटवतात आणि पुढे सरकतात.

सहा वर्षांपूर्वी मी एक तुकडा टाकला होता, मिनिटभराचाही नाही. त्यात सुरुवातीला तुमचा आवाज आहे, तुमच्या जुन्या कॅसेटवरचा. “ऐका काका, ऐका मामा, मांगून नका म्हनू रामा-रामा! बी हाये असलं, जिथं फेकलं तिथं बसलं!” त्याच्याखाली ढोलाचा ठेका आणि मग मी. बाबा, तो तुकडा असा पसरला की लग्नातल्या डीजेंनी वाजवला, कॉलेजच्या पोरांनी फोनची रिंगटोन केली. मी खाली लिहून टाकलं होतं, पूर्ण अल्बम दिवाळीला, नाव ‘भोंगा’. तेव्हापासून सहा दिवाळ्या झाल्या. कधी म्हटलं घसा बसला, कधी म्हटलं आवाज नीट बसवायचा आहे. परवा एकानं लिहिलं, “ताई, तुह्या अल्बमची वाट पाहता पाहता माह्यं लगन झालं, पोरगं बालवाडीत जाऊन राहिलं.” खाली चारशे जण हसले. मी मात्र ती चारशे नावं एकेक करून वाचली. यातल्या कुणाला काही ठाऊक आहे का, हे शोधत होते.

ठाऊक असण्यासारखं काय आहे, ते तुम्हाला सांगायला नको. तरी लिहिते, कारण आजवर हे मी कुठेच लिहिलेलं नाही.

तुमचा एक नियम होता, “जे आपून चाखलं नाई, ते लोकाइले सांगाचं नाई.” सिनेमाची जाहिरात असली तर तुम्ही पहिला खेळ पाहून यायचात. हॉटेलची असली तर कचोरी खाऊन यायचात आणि माझ्यासाठी एक कागदात बांधून आणायचात. लॉटरीवाल्याला तुम्ही हाकलून दिलंत. “हे कसं चाखू बावा?” असं त्यालाच विचारलंत. आई म्हणायची, नियमानं पोट भरत नाही. तुम्ही म्हणायचात, “पोट नाई भरत, पन हिवरखेडात कोनी मले खोटा म्हनत नाई.” मला तुमच्या त्या बोलण्याची मोठी ऐट वाटायची.

मग तो बियाणेवाला आला. मी सहावीत होते. मृगाआधीचे दिवस, पत्रा तापलेला, आणि हा माणूस पायातल्या पांढऱ्या बुटांसकट आपल्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलेला. कपाशीचं नवं बियाणं, गुलाबी रंग लावलेलं. हंगामभर जाहिरात केली तर दोन कॅसेटांचा रेकॉर्डिंगचा टेप देईन म्हणाला, म्हणजे गावोगाव ओरडायला नको, एकदा भरली की कॅसेटच बोलेल. तेव्हा तुमचा घसा रोज संध्याकाळी बसायचा. हळद घातलेलं दूध पिताना तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. पण तुम्ही त्याला लगेच हो म्हटलं नाही. म्हणालात, आधी चाखतो. बियाणं चाखायचं म्हणजे ओलं गोणपाट अंथरायचं, त्यावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची आणि माठाखाली ठेवायची. सहा दिवसांनी उलगडून मोड मोजायचे. “सत्तरच्या वर आले तं भोंगा बांधू,” असं तुम्ही त्याला सांगितलंत.

मला तो टेप हवा होता. तुमच्या घशासाठी हवा होता, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर मला माझा आवाज ऐकायचा होता. तुमच्यामागे उभी राहून मीही जाहिराती म्हणायची, तोंडावर वाटी धरून, आणि वाटीतून आवाज कसा येतो ते मला नीट कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही बाहेर आणि आई विहिरीवर असताना, मी गोणपाट उलगडलं. जेमतेम वीस-बावीस दाण्यांना मोड दिसत होते. बाकीचे गुलाबी, गुळगुळीत, निपचित. मी बकरीच्या खुराकाच्या पोत्यातली मूठभर सरकी, म्हणजे साधं कपाशीचंच बी, घेतली, चुलीच्या राखेत चोळून तिची लव काढली आणि ओल्या फडक्यात बांधून रॉकेलच्या डब्यामागे लपवली. दोन दिवसांत मोड आले. मग तुमचे मेलेले दाणे काढले आणि माझे ठेवले. पण ते काळे-करडे दिसत होते. तेव्हा देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी घेऊन, पाण्यात कालवून, एकेका दाण्याला बोटानं रंग लावत बसले. सहावीतल्या पोरीची अक्कल ती किती!

सहाव्या दिवशी तुम्ही मोजलंत. मी आईचं लुगडं वाळत घालायच्या निमित्तानं तिथेच घुटमळत होते. तुम्ही एकेक दाणा उचलत होतात, ओठ हलत होते. मध्येच थांबलात, बोटांकडे पाहिलंत, मग धोतराला पुसलीत आणि पुढे मोजलंत. “शायशी,” असं म्हणालात. शहाऐंशी. बियाण्याचा रंगही ओला झाला की सुटतो, म्हणून तुम्हाला काही कळलं नसेल, असं मी तेव्हापासून धरून चालले आहे. पण ज्या माणसाला कचोरी तोडल्याबरोबर तेल शिळं आहे हे कळायचं, त्याला राखेनं चोळलेली सरकी कळू नये? हा माझा संशय.

त्याच दिवशी चार वाजता टेप घरी आला. पाच वाजता तुम्ही मांडी घालून बसलात आणि जाहिरात भरलीत. तीच कॅसेट आज माझ्या अल्बममध्ये आहे.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पाऊस चांगला झाला आणि वावरांत नांग्याच नांग्या पडल्या, हातभर उगवलं की पुढे चार हात रिकामं. लोकांनी पुन्हा पेरलं, तेच बियाणं, कारण भोंगा तेच सांगत होता. हिवरखेडच्या बाजारात त्यांनी तुमचा ऑटो अडवला तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलेली होते. मला वाटलं, मारतात. मारलं नाही. एक म्हातारे समोर आले, हात मागे बांधलेले. त्यांनी इतकंच विचारलं, “तू तं चाखून सांगतं नं बावा? पाह्यलं होतं तू?” तुम्ही म्हणालात, “पाह्यलं होतं काका.” माझ्याकडे तुम्ही पाहिलं नाहीत. म्हातारे म्हणाले, “मंग आमचंच नशीब,” आणि बाजूला झाले. तुम्ही तिथेच ऑटोवर चढून भोंग्याचे नट सोडायला लागलात. नंतर आपण बडनेऱ्याला राहायला आलो; तिथल्या सायकल स्टँडवर तुम्ही पाच वर्षं पावत्या फाडल्यात, आणि गिऱ्हाइकाला ‘थांब’ म्हणायलाही हात वर करायचात.

भोंगा भंगारात गेला. टेप मात्र तुम्ही मला दिलात, फडक्यानं पुसून. “तुले पाहिजे होता नं? घे. पन बोलाच्या आधी चाखत जाय.” ही भेट होती की शिक्षा, हे मी तेव्हापासून ठरवते आहे. त्याच टेपवर मी माझा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्याच टेपवर, कुणाकडून तरी आणलेल्या कॅसेटवर, परक्या भाषेतला पहिला रॅप ऐकला आणि म्हटलं, अरे, हे तर बाबा करतात.

आता अल्बमकडे येते. त्यातलं मुख्य गाणं मी कार्यक्रमांत म्हणत आले, म्हणून सगळ्यांना तोंडपाठ आहे, अल्बम निघायच्या आधीच. त्यात मी म्हटलंय की व्यापाऱ्यानं माझ्या बापाला फसवलं, बाप साधा होता, बापाचा आवाज चोरला. ते ऐकून लोक रडतात. मुंबईहून एका कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. “ताई, यात खरेपणा आहे, लोक खरेपणाला भुकेले आहेत,” म्हणाला. मी त्याचे बूट पाहिले. पांढरेच होते. गाण्यातला माझा जोडीदार (संसारातला नव्हे) बडनेऱ्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि मागच्या खोलीत ठेके बनवतो. तुमची कॅसेट साफ करताना, सहा वर्षांपूर्वीच, तो म्हणाला होता, “जाहिरात संपल्यावर तुह्ये बाबा बटन बंद कराले विसरले वाटते. बारा सेकंद कोनाशी बोलून राहिले. आयक बरं.”

मी म्हटलं, नंतर. तो म्हणाला, “काहून?” मी म्हटलं, घाई आहे. ही घाई सहा वर्षं चालली. या सहा वर्षांत मी त्याच्यावरही संशय घेतला. त्यानं ऐकलंय, त्याला कळलंय, तो कुणाला तरी सांगेल. एकदा त्याच्या दुकानाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. आईला फोन करून आडून विचारलं, त्या दिवशी बाबा काही बोलले होते का. ती म्हणाली, “जुनं काहून उकरून राहिली माय, मले नाई आठवत.” मला आईचाही संशय आला. आणि अल्बम पुढे, पुढे, पुढे.

गेल्या रविवारी तो चिडला. म्हणाला, “सहा वर्सं झाले मी तुले काई इचारलं नाई. आता तू आयक, नाईतं मी माह्ये ठेके घेऊन जातो.” हेडफोन माझ्या हातात दिला आणि स्वतः शटरबाहेर जाऊन उभा राहिला. मी ऐकलं. आधी तुमचा खोकला. मग भांडं ठेवल्याचा आवाज. मग आई, “अवो, नखात लाल काय लागलं?” मग नुसती टेपची घरघर. मग तुम्ही, “कुकू हाये.” आई म्हणते, “तुमाले कायले लागते कुकू?” आणि तुम्ही हसता. तुमचं ते नाकातलं हसू, जे मी कचोरीचा कागद पुसून चाटायची तेव्हा तुम्ही हसायचात. मग खट्कन बटण.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मला तुमचा इतका राग आला बाबा, की मी हेडफोन टेबलावर आपटला. एक थप्पड मारली असतीत तर? कान पकडून गोणपाटापुढे बसवलं असतंत तर? तुमचा नियम, तुमची ती ऐट, तुम्ही पोरीच्या एका हट्टापायी घालवलीत आणि हसलात. टेप घरात येऊन पडला होता म्हणून? घसा दुखत होता म्हणून? की तुम्हाला वाटलं, चार-दोनच बदलले असतील? मी सगळ्या बाजूंनी उजेडात धरून पाहिलं. आता ते तुम्हाला विचारता येत नाही. हिवरखेडच्या त्या म्हाताऱ्यांनी विचारलं होतं, तेव्हा तुमच्या शेजारी बसून मी तोंड मिटून घेतलं. मग त्या मागच्या खोलीत बसून रडले. जोडीदार आत आला आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्याच्यावरचा संशय मात्र त्या पेल्यापुरता तरी गेला.

काल मी त्या गाण्यातलं बापाला फसवल्याचं कडवं नव्यानं लिहिलं आणि एका दमात रेकॉर्ड केलं. गोणपाट आहे, राख आहे, कुंकू आहे, म्हातारे काका आहेत. तुमचं हसूही शेवटी तसंच ठेवलंय. जोडीदार म्हणाला, “झालं. आता तारीख देऊन टाक.” मी तारीख दिली, आणि लोकांनी यंदाही विश्वास ठेवला नाही.

हे पत्र मी कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवणार आहे. तुमचा पत्ता सायकल स्टँडपर्यंतच मला ठाऊक होता. एक गोष्ट मात्र राहिली. कडव्यात मी सगळं खरं म्हटलंय, फक्त दाणे कुणी बदलले तिथे “कोन्या एका पोरीनं” असं म्हणून आले. जोडीदाराच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि तोही तुमच्यासारखा गप्प बसला. उद्या कामावरून सुटल्यावर जाऊन तिथे “म्या” म्हणायचं आहे. जाईन असं म्हणते, पण मला माझा भरवसा वाटत नाही.