पाहुण्यांच्या सोयीची बत्तीस कार्डे

ता. २६ एप्रिल १९३१, रविवार
वन्सं सकाळीच आल्या. त्यांच्या कुसुमचे लग्न २१ मेस, इथेच त्यांच्या दारी. पाहुणे बहुतेक मुंबईचे, रत्नागिरी न पाहिलेले. "वहिनी, तुम्ही मॅट्रिक. यायचं कसं, उतरायचं कुठे, सगळ्यांना तुम्हीच लिहा हो. नाहीतर निम्मं वऱ्हाड जयगडला उतरायचं!"
पाकिटे नकोत म्हटले, कार्डावर मावेल.
बोहल्यावर मुलीला मामा आणणार. म्हणजे मुंबईहून स्वारीस यावेच लागेल. दोन वर्षांनी.

ता. २८, मंगळ.
मजकूर ठरला. बोटीत चढण्यापूर्वी पोटभर जेवू नये. लिंबू जवळ असावे. बोट बंदरापासून लांब थांबते, तेथून पडावात उतरावे. खलाशाने हात दिला की न लाजता धरावा. जोडे पिशवीत घालावे. तांब्या, अंथरूण ज्याचे त्याने आणावे. बंदरावर आंबे घेऊ नयेत, लग्नघरी मिळतील. बायकांची सोय लग्नघरी, पुरुषांची देवळामागच्या धर्मशाळेत.
बत्तीस कार्डे. आज अकरा झाली. बोट दुखते.

ता. ३०, गुरु.
उरलेली एका बैठकीत लिहून टाकली. तिकडचे, स्वारीचे कार्डही त्यांतच. खाली माझ्या दोन ओळी घालायच्या होत्या. जागा उरली नाही.

ता. १० मे, रवि.
माजघर सारवले. दुसरी गादी उन्हात टाकली.
दोन वर्षांपूर्वी मुंबईस चल म्हणाले, तेव्हा मी देव्हाऱ्याकडे पाहिले. कुलूप लावून देवांना उपाशी ठेवू? "मग देवांशीच संसार कर." एवढे बोलून बंदराकडे गेले. मनीऑर्डर दर महिन्यास येते. कुपनावर कधी एक अक्षर नाही. मी तरी काय लिहिले.

ता. १९, मंगळ.
बोट आली. नैवेद्य लवकर केला. पान वाढून बसले. कोणी नाही.
तिसऱ्या प्रहरी लग्नघरी गेले तर वन्सं भर बायकांत, "काय हो वहिनी, सख्ख्या नवऱ्याला धर्मशाळा? मी दादाला म्हटलं घरी जा, तर कार्ड काढून दाखवलंन! म्हणतो, तुझ्या वहिनीनेच सोय कळवली आहे."
सगळ्या हसल्या. मीही हसले.
अक्षर माझेच. एका हाताने बत्तीस वेळा तेच ते लिहिले, त्यात तिकडचे कार्ड वेगळे करायचे सुचले नाही. पण मनात राग असल्याशिवाय कोणी इतके शब्दशः वागते?
धर्मशाळेत पुरुषच पुरुष. निरोप कोणाहाती, आणि काय म्हणून?

ता. २१, गुरु.
लग्न लागले. कुसुमच्या पाठीशी मामा उभे. केस कानांवर पांढरे झालेत. मला कोणी कळवले नव्हते.
पंगतीत तूप वाढायचे काम मी मागून घेतले. तिकडच्या पानाशी गेल्यावर हळूच म्हटले, "ते चुकून लिहिलं गेलं."
"असेल." मग म्हणाले, "तूप पुरे."
मागे भाताची वाढपीण उभी. पुढच्या पानावर जावे लागले.

ता. २३, शनि.
सकाळी दहाला स्वारी आली. ओटीवरच बसली. गूळपाणी दिले. आत चलावे म्हटले, तर "इथे वारा आहे." देवांना तेथूनच हात जोडले.
मग म्हणाले, "मुंबईची जागा बदलली. दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत कोनाडा आहे, पूर्वेचा."
मी विचारले काय, तर "नळ आहे का?"
"आहे."
उद्या दुपारची बोट. नंतर पावसाळाभर बंदर बंद. गेले तेव्हा भांड्यात पाणी तसेच होते, गूळ मात्र खाल्ला होता.

ता. २४, रवि.
पहाटे उपाध्यांकडे गेले. देव परमुलखी नेता येतात का?
"देवाला काय हो, फूल-पाणी मिळेल तिथे तो राहतो. तुम्हाला बोट लागते का, ते बघा आधी."
पूजा झाली. बाळकृष्ण, माहेरची अन्नपूर्णा, शाळिग्राम, सगळे पुसून ताम्हनात ठेवले आहेत. एरवी लगेच देव्हाऱ्यात जातात. आज हात पुढे होत नाही. तिकडून स्पष्ट चल म्हटलेले नाही.
रस्त्यावरून ट्रंका घेऊन माणसे बंदराकडे निघाली. अकरा वाजले.