पमूच्या भाषेचं रजिस्टर

३ एप्रिल
पमू जुलैत पुण्याच्या हॉस्टेलला जाणार. तोपर्यंत रोज संध्याकाळी क्वार्टरपासून एम. पी. नगरच्या कोचिंगपर्यंत माझ्या स्कूटरवर. वीस मिनिटं. आज त्यात दोनच शब्द बोलली, 'हं' आणि 'सिग्नल'. आईशी, म्हणजे सिंधूशी, मात्र स्वयंपाकघरात तासभर चालू असतं. कारण उघड आहे, मला आजच्या पोरांची भाषा येत नाही. सव्वीस वर्षं कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काढलीत. दोष सापडला की निम्मं काम झालं.

४ एप्रिल
इन्स्पेक्शनचं कोरं रजिस्टर घरी आणलं. रकाने आखले: अनुक्रमांक, शब्द, अर्थ, चाचणी, शेरा. रोज पाच शब्द. महिन्यात दीडशे. मग ती गप्प कशी बसते ते बघतोच.

७ एप्रिल
शब्द एकूण शून्य. पंखा दुरुस्त करायचा होता.

९ एप्रिल
कँटीनमध्ये ॲप्रेंटिसांना समोसे खिलवून माहिती काढली. 'फायर' म्हणजे एकदम भारी. 'नो कॅप' म्हणजे अगदी खरं. 'क्रिंज' म्हणजे बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं वागणं. 'डेलुलु' म्हणजे आपल्याच समजुतीत खूश असलेला. याला उदाहरण लगेच सापडलं, आमच्या सेक्शनचा भालचंद्र. तसं रजिस्टरला लिहिलं.

१५ एप्रिल, सायं. ५.१०
पहिला नग तपासल्याशिवाय आम्ही लॉट सोडत नाही. म्हणून चाचणी थेट कोचिंगच्या गेटवर, पमूच्या मैत्रिणींसमोर. म्हटलं, तुमचा व्हाइब एकदम फायर आहे, नो कॅप. सगळ्या पोट धरून हसल्या. पमू स्वतःच्या चपला बघत होती. शेरा: समाधानकारक.

१६ एप्रिल
पमू उद्यापासून बसनं जाणार. बाबांना रोजची दगदग नको म्हणाली. किती समजूतदार पोरगी. सिंधूचं म्हणणं, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिंधूला यातलं काही कळत नाही.

२ मे
आता रोज वीस मिनिटं मोकळी मिळतात. ती शब्दांना द्यायची असं ठरवलंय. सध्या ती गॅलरीत जातात, बस वेळेवर आली का ते बघण्यात. शब्द एकूण अकरा.

११ जून
ॲप्रेंटिस म्हणाले, 'फायर' आता कोणी म्हणत नाही. कारखान्यात ड्रॉइंग बदललं की जुन्या प्रती परत मागवतात, इथे काही पद्धतच नाही. ते जाऊ दे. रजिस्टर बंद. पमूशी साध्या मराठीत बोलायचं. तू जाणार म्हणून घर आत्तापासूनच खायला उठलंय, असं सरळ सांगायचं. उद्या.

१२ जून
पमूचं डोकं दुखत होतं. उद्या.

२८ जून
आज बोलणारच होतो. पण तिच्या बॅगेची चेन बिघडली, ती बसवण्यात वेळ गेला. चेन उत्तम बसली.

५ जुलै
गाडी वेळेवर सुटली. पमू सिंधूच्या गळ्यात पडून रडली. मला म्हणाली, हेल्मेट घालत जा. मी म्हटलं, बघू. पोचलीस की फोन कर, असंही म्हटलं.

६ जुलै
रजिस्टर माळ्यावर टाकायला काढलं. 'डेलुलु'पुढचा भालचंद्र खोडून कोणीतरी 'बाबा' लिहिलंय. खाली आणखी नोंदी. अक्षर पमूचं.

१२. 'बघू': नाही.
१३. 'आईला विचार': हो, पण माझं नाव सांगू नकोस.
१४. 'मला आंबा बाधतो': शेवटचा आहे, तू खा.
१५. 'पोचलीस की फोन कर': तोवर मी जेवणार नाही.
चाचणी: अठरा वर्षं. शेरा: पास.

खालीच बसलो. डोळे पुसले. म्हणजे स्टेशनवर हेल्मेटला मी पोरीला चक्क नाही म्हणालो, आणि तिला ते कळलंही होतं.

लगेच फोन लावला. सगळं सांगून टाकायचं ठरवून. जेवलीस का विचारलं. ती म्हणाली, हं. मीही म्हणालो, हं. एक मिनिट चार सेकंद.

उद्या नीट बोलतो.