पुष्पाचा शेवटचा फोटो

अमडापूर,
१४ जानेवारी १९६३

चि. दयाराम यास थोरली बहीण जनकाबाईचे अनेक आशीर्वाद.

सून गेली त्या दिवशी तू चिखलीहून कॅमेरा घेऊन लगेच आलास आणि अग्नी द्यायच्या आधी पुष्पाचा फोटो निघाला, हे फार बरं झालं. विहिरीवर पाय घसरला आणि माझ्या हिंमतचा कोवळा संसार मोडला. तिचे आईबाप जालन्याकडून येऊन पोचले तेव्हा सरण विझत आलं होतं. व्याही किसनराव ओट्यावर बसूनच राहिले. विहीणबाईंनी तर कपाळ बडवून घेतलं, निदान तोंड तरी दाखवायचं होतं म्हणाल्या.

म्हणून तो फोटो त्यांना पाठवायचा आहे. रंगराव पाटलांच्या मेलेल्या आईचे डोळे तू असे उघडून दिले होतेस की सुना फोटोसमोर डोक्यावरचा पदर सांभाळू लागल्या. तसेच हिचेही उघड. चेहरा जरा हसरा कर. कुठे खरचटलं-बिरचटलं असेल ते काढून टाक.

सवडीने लिही. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

जनकाबाई

---

चिखली,
१८ जानेवारी १९६३

ती. जनकाबाईस दयारामचा शि. सा. न. वि. वि.

बाई, फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, धुतली. त्या दिवशी घरात अंधार, रडारड, मी कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली. तेव्हा नीट दिसलं नाही. पण लालसर डाग डोळ्यांना पुसट दिसला तरी छापलेल्या फोटोत गडद उठतो. पुष्पाच्या गळ्यावर एका अंगाला चार बोटं आणि दुसऱ्या अंगाला अंगठा उमटला आहे. विहिरीच्या दगडाला बोटं नसतात.

हिंमतला मी खांद्यावर खेळवलं आहे, म्हणून आधी तुलाच विचारतो. खरं काय ते सांग. डोळे उघडून दिले तर घरच्यांना धीर येतो, कोणाचं नुकसान होत नाही. गळा पुसायला मात्र माझा हात धजत नाही.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.

दयाराम

---

अमडापूर,
२२ जानेवारी १९६३

चि. दयारामास आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीत घातलं. आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तुला मी भरवून वाढवलं, त्याचे पांग असे फेडतोस?

हिंमतला विचारलं. आधी फणफणला, मामा काऊन नसत्या चौकशा करून राह्यला म्हणाला. मग खाली बसून रडला. भांडण झालं होतं, रागात हात गेला, म्हणाला. पुढचं मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. मेलेली काही परत येत नाही, जिवंत पोरगा मात्र फासावर जाईल. आणि तिच्या आईचा विचार कर. ते डाग पाहून ती माऊली जगेल का? गळा पूस, बाबा. तुझ्यापुढे पदर पसरते.

तुझीच,
जनकाबाई

---

चिखली,
४ फेब्रुवारी १९६३

ती. जनकाबाईस सा. न.

गळ्यावरचे डाग काचेवरच पेन्सिलीने भरून काढले आणि छापून झाल्यावर फोटोवर ब्रशने डोळे उघडले, ओठ हसरे केले. एक फोटो किसनरावांना रवाना केला, एक तुला. हे त्या आईसाठी केलं, असं मनाला सांगतो आहे. मन ऐकत नाही. हिंमतला माझ्या दुकानाची पायरी चढू देऊ नकोस.

दयाराम

---

२४ फेब्रुवारी १९६३

श्री. दयाराम यांस किसनरावचा सप्रेम नमस्कार वि. वि.

फोटो पोचला. पुष्पाची आई तो मांडीवर घेऊन बसली आणि किती दिवसांनी पोटभर जेवली. म्हणते, माही लेक सुखात होती, तोंडावरूनच दिसते. खरं सांगायचं तर आमच्या कानावर काहीबाही आलं होतं. फोटो पाहिला आणि मनातली पाल निघून गेली.

जनकाबाईंनी आमच्या धाकट्या सिंधूला हिंमतरावांसाठी मागणी घातली आहे. आम्ही कचरत होतो, आता होकार कळवला. एक लेक जिथे अशी नांदली, तिथे दुसरीला भ्यायचं काय? होळी झाली की साधंच लग्न उरकू. तुमचे उपकार विसरणार नाही.

स्नेह वाढावा.

किसनराव

---

चिखली,
१ मार्च १९६३

श्री. किसनराव यांस दयारामचा नमस्कार.

लग्न थांबवा. सोबतचा फोटो पाहा, मग पुढचं वाचा.

तुमच्याकडे आहे तो फोटो मी बनवलेला आहे. हा कॅमेऱ्याने घेतला तसाच आहे. काचेवरची पेन्सिल टर्पेंटाइनने पुसली आणि पुन्हा छापला. तुमच्या लेकीचे डोळे मिटलेले होते, ती हसत नव्हती, आणि गळ्यावर बोटं होती. ती माझ्या भाच्याची. मी ते झाकलं, माझं चुकलं. बाईलाही कळवलं आहे की आता गप्प बसणार नाही. पोलिसांत सांगायला मी तयार आहे. या पत्रामागोमाग काच घेऊन येतो. सिंधूला त्या घरात देऊ नका, तुमच्या पाया पडतो.

दयाराम

---

१३ मार्च १९६३

श्री. दयाराम यांस किसनरावचा नमस्कार वि. वि.

परवा तुम्ही काच घेऊन आलात. पुष्पाच्या आईसमोर बोलता येईना म्हणून ओट्यावरूनच तुम्हाला वाटेला लावलं, राग मानू नये.

काच मी उजेडाला धरून पाहिली. डाग दिसले. पण जनकाबाईंनी आधीच कळवलं होतं की भावाचं शेताच्या वाट्यावरून बिनसलं आहे, तो काहीतरी करून आणील. आम्ही काय समजावं? मेलेल्याचे डोळे ज्याला उघडता येतात, त्याला गळ्यावर चार बोटं काढणं काय जड? दोन्ही फोटो तुमच्याच हातचे. त्यातला एक खरा मानायचा, तर लेक हसते आहे तो आम्ही मानतो. दुसरा मी फाडला.

फाडण्याआधी सिंधूने तो पाहिला. पत्रिका वाटून झाल्या आहेत. आता मागे फिरलो तर तिला कोण करील? लग्न शुक्रवारी आहे.

पोरीने एक हट्ट धरला आहे, तो तेवढा पुरवा. नवरानवरीचा फोटो काढायला तुम्हीच यावं म्हणते. तिचा एकटीचाही काढावा, गळ्यावर पदर न घेता. त्यावर पेन्सिल लावू नये आणि काच जपून ठेवावी, असं तिने बजावून सांगितलं आहे. कशासाठी ते मी विचारलं नाही.

येण्याचं करावं. जुना राग धरू नये.

किसनराव