नारळाला न लावलेला हात

घाटकोपर,
रविवार, ७ एप्रिल १९८५

प्रिय आई,

पाकिटावर तुझं नाव बघून पोस्टमनने दोनदा विचारून घेतलं असेल. माझी आजवरची सगळी पत्रं 'तीर्थरूप बाबांस' अशी सुरू झाली आणि तू शेवटच्या ओळीत आलीस, 'आईस नमस्कार' एवढीच. हे पत्र तुझं आहे. भांडी तशीच राहू दे, पडवीत बस आणि ऐक.

माझं ठीक चाललं आहे. विक्रोळीच्या कारखान्यात मला कायम केलं. काम तेच, विजेचे मीटर तपासायचे. नवीन आलेली मुलं एक चूक हमखास करतात. ओळीने लावलेल्या सगळ्या मीटरांचे काटे एका आकड्यावर आणि एकाचाच वेगळा असला, की तो एक काढून बाजूला टाकतात. मी त्यांना परत लावायला सांगते. आमच्याकडे एक प्रमाण मीटर असतो, त्याच्याशी प्रत्येक मीटर जुळवून बघायचा, मग बोलायचं. मागच्या महिन्यात असा वेगळा निघालेला एकटाच बरोबर होता आणि बाकीची सगळी रांग परत पाठवावी लागली. साहेब चिडले, पण माझ्यावर नाही. कारखान्यात एवढं तरी बरं आहे.

शिमग्यानंतर बाबांचं कार्ड आलं होतं. 'सर्व क्षेम. या वर्षी पालखी दारात आली नाही. तब्येतीस जपणे.' मला वाटलं, कोणाचं सुतक असेल. मग जानकीकाकू डोळे दाखवायला मुंबईत आली आणि मी राहते त्या काशीरामकाकांच्या खोलीवरच उतरली. काका बाहेर गेल्यावर तिने मला सगळं सांगितलं. म्हणाली, "तुझ्या आयशीने अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचं ताट घेऊन उभी राहिली. ढोल शेजारच्या दारात वाजला नि वरच्या अंगाला गेला. ती ताट घेऊन उभीच." आई, हे ऐकून मी उठले. तिला डोळ्यांत घालायचं औषध दिलं आणि बाहेर येऊन नळावर बादली लावली.

तुला या प्रकरणाचं मुंबईतलं टोक माहीत नाही, म्हणून सांगते. मी तिथे होते. निवडणुकीच्या आधीच्या एका रविवारी आपल्या ग्रामस्थ मंडळाची बैठक काकांच्या या खोलीतच भरली होती. मी खाटेवर बसून शेजाऱ्यांचा रेडिओ दुरुस्त करत होते. गावाने कोणाला मत द्यायचं ते ठरत होतं. जुन्या उमेदवाराला आजवर गाव देत आलं, या वेळी नव्याला द्यायचं, कारण त्याची इथे वरपर्यंत ओळख आहे आणि तो आपल्या पोरांना सांताक्रूझला विमानतळावर चिकटवणार आहे. साकवाचं नाव कोणी काढलं नाही. दर पावसाळ्यात ओढ्यावरचा तो साकव वाहून जातो आणि वाडीतली मुलं दोन महिने शाळेत जात नाहीत, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण तेही लहानपणी असेच घरी बसले होते.

मी विचारलं, "काका, तुम्ही स्वतः इथे कोणाला देणार?" धाकूमामा म्हणाले, त्यांच्या युनियनचा माणूस उभा आहे. सीतारामभाऊ म्हणाले, "युनियनने वाट लावली ना आपली, मी कशाला देतोय?" काकांचं आणखी तिसरंच. गिरणीच्या संपाआधी हे सगळे एकाच माणसाला मत द्यायचे. संप मोडला, कोणी वॉचमन झालं, कोणी रिक्षा घेतली, आणि मतं पांगली. त्याबद्दल कोणाला राग नव्हता. एका चटईवर बसून तीन निशाण्या, आणि गावाला मात्र एक. मी तसं बोलले तर काका हसून म्हणाले, "बघा, आमची इंजिनीअरीणबाई! अगं, इथलं वेगळं. गाव फुटलं की आमदार ढुंकून बघत नाही. गावाची किंमत एकीत आहे." त्यात तथ्य आहे, आई, हे मी नाकारत नाही. पण गावात राहतं कोण? तू, जानकीकाकू, बायका आणि म्हातारी माणसं. तुमच्यातलं त्या चटईवर कोणीच नव्हतं. मी होते, आणि मला तर फक्त चहासाठी धरलं होतं.

कारखान्यातली माझी मैत्रीण शुभा मुलुंडची. त्यांच्या घरात चार माणसं चौघांना मत देतात आणि रात्री एका टेबलावर जेवतात. तिला मी आपल्याकडचं सांगितलं, तर ती म्हणाली, "पण कळतं कसं? मत तर गुप्त असतं ना?" मी डबा तिच्यापुढे सरकवला. मी माझं मत घाटकोपरच्या शाळेत दिलं, बाहेर आले, वडापाव खाल्ला. कोणीही विचारलं नाही. शिक्का मारताना मी कोणाचाच विचार केला नाही, हेही मला आता चुकल्यासारखं वाटतं. तुला किती जणांचा करावा लागला असेल.

शुभाला द्यायचं उत्तर मला जानकीकाकूने दिलं. नवा उमेदवार पडला, आणि आपल्या गावच्या पेटीत दिलेल्या शब्दापेक्षा मतं कमी निघाली असं मोजणीला बसलेल्या माणसाने येऊन सांगितलं. निकाल आणि शिमगा एकाच आठवड्यात आले. गावचे मानकरी गावकर यांनी देवळात सगळ्यांना बोलावलं, देवीपुढे नारळ ठेवला आणि म्हणाले, ज्याने शब्द पाळला त्याने पुढे येऊन नारळाला हात लावावा. सगळ्यांनी लावला. आई, सगळ्यांनी! मतं तर पुष्कळ फुटली होती. म्हणजे देवीसमोर खोटं बोललेले हातही त्यात होते, आणि पालखी त्या सगळ्यांच्या दारात गेली. तुझी पाळी आली तेव्हा तू हात पदराखाली घेतलास आणि म्हणालीस, "मी नाय दिलं त्याला. देवीसमोर कशी खोटं बोलू?" कोणाला दिलंस ते सांगितलं नाहीस. तेही मला आवडलं. मीही विचारणार नाही.

काशीरामकाका मे महिन्यात गावी येतील, त्यांच्याबरोबर कुळथाचं पीठ पाठव. इथल्या बाजारच्या पिठाचं पिठलं मला जात नाही.

काका आले की तुला आणखी एक गोष्ट सांगतील, ती आधीच माझ्याकडून ऐकून ठेव. मंडळाने ठरवलं आहे की वैशाखातल्या पूजेला तू देवीपुढे माफीचा नारळ ठेवायचा, म्हणजे पुढच्या शिमग्याला पालखी येईल. काल मी काकांना विचारलं, माफी कशाची, मत देण्याची की खरं बोलण्याची? ते म्हणाले, "तू यात पडू नको, वनू. एका नारळाने मिटतंय ना? मग मिटव म्हणावं." त्यांचा काही वाईट हेतू नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट हेतू असता तर मला नीट भांडता आलं असतं. मी रेडिओ उघडला, परत बंद केला, आणि रात्री जेवले नाही.

नारळ ठेवायचा की नाही, ते तूच ठरव. ठेवलास तर मी तुला काही कमी समजणार नाही. तिथे तुला राहायचं आहे, मला नाही. पण ठेवायचा तर देवीसाठी ठेव. घरातल्या मुकेपणाला कंटाळून ठेवू नकोस.

त्या मुकेपणाचंही जानकीकाकूने सांगितलं. बाबा देवळातून आल्यापासून तुझ्याशी बोललेले नाहीत. भाकरी हवी असली की मांजराला विचारतात, "झाली का गं भाकरी?" आणि तू मांजरालाच उत्तर देतेस. काकू हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. बाबा इतकी वर्षं मंडळाचे चिटणीस होते, गावाला मुंबईचा शब्द कळवायचं काम त्यांचं. त्यांच्याच घरातून तो मोडला, हे त्यांना खाली मान घालायला लावतं, ते मला समजतं. तरी.

तुला आठवतं? बाबा गिरणीत होते आणि आपण गावी, तेव्हा त्यांची पत्रं मी तुला वाचून दाखवायची. चूल पेटलेली, तू माझ्यासमोर पाय दुमडून बसलेली. 'तुझी आठवण येते' असं बाबांनी एकदा लिहिलं होतं आणि मला ते तोंडाने म्हणायची लाज वाटली. मी खोकले आणि पुढची ओळ घेतली. तू म्हणालीस, "खोकलीस तिथलं वाच." आता मी मुंबईत आणि बाबा गावी, आणि ते माझी पत्रं तुला वाचून दाखवतात. अवघड ओळ आली की तेही खोकतात. खोकणं आपल्या घरातच आहे.

म्हणून हे पत्र तुझ्या नावाने लिहिलं, आई. तुला वाचता येत नाही आणि घरात वाचणारं माणूस एकच आहे. माझं पत्र आलं की तू समोर येऊन बसतेस, तेव्हा ते वाचावंच लागतं. मांजराला वाचून दाखवता येत नाही. म्हणजे शिमग्यापासून पहिल्यांदाच बाबा इतका वेळ तुझ्याशी बोलले आहेत. कुळथाचं पीठ मी मुद्दाम अवघड जागी मागितलं आहे. ते आलं नाही, तर काय गाळलं गेलं ते मला कळेल. बाबा, आता एकच वाक्य राहिलं. ते माझं म्हणून वाचू नका. कागद खाली ठेवा, तिच्याकडे बघा आणि न खोकता म्हणा: तू खोटं बोलली नाहीस.

तुझीच,
वनमाला