बाटलीतलं लाल सोनं
बोईसर, १४ डिसेंबर १९८८

ती लाली डोळ्यांपुढून हलत नाही. पाण्यात सोन्याचे इतके बारीक कण, की सोनंच लाल दिसायचं. उद्या मुंबईला माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवायची म्हणून बाटली प्रयोगशाळेतून घरी आणली होती.

संध्याकाळी नवापूरची हिरामावशी खारे बांगडे घेऊन दारात आली. मी कौतुकानं बाटली उघडून दाखवली. "यात सोनं हाय?" म्हणत तिनं बोट बुडवून कपाळाला लावलंसुद्धा. बोटाला मीठ. बघता बघता लाल पाणी निळं झालं!

"मेलं का गं तुजं सोनं?"

"नाही मावशी, मिठानं कण एकमेकांना बिलगले."

"लांब व्हते ते जवल आले, मंग रडतेस कशाला?"

महिनाभर त्यांना लांब ठेवायलाच झटले मी! सरांना काय सांगू? खिडकीत बाटली निळी, मागचं आभाळ लाल. मावशी मात्र कपाळावर सोनं मिरवत गेली.