जळजळीचे नऊ दिवस

सोमवार, ३
सकाळी लघवीला जळजळ. पाणी कमी पितो म्हणून. आजपासून आठ ग्लास. घाबरण्यासारखं काही नाही.

मंगळवार, ४
आठ ग्लास प्यालो. आठ वेळा जळजळलं. दुकानात चष्म्याची काच घासताना हात थरथरला, कड उडाली. मालकांनी विचारलं, बरं नाही का. म्हणालो, चहा जास्त झाला. दुपारी नेटवर वाचलं. पहिल्या पानावर साधं इन्फेक्शन होतं; चौथ्या पानापर्यंत मला मूल होणं बंद झालं होतं. नेट बंद केलं. मन खंबीर हवं.

बुधवार, ५
तिचे दोन फोन. उचलले नाहीत. पाच महिने झालेत आमचं जमून, आवाजावरून ओळखेल. आधी तपासतो, मग शांतपणे सांगतो. त्या शनिवारी कंडोम वापरला नाही, कारण आम्ही एकमेकांना नीट ओळखतो. हे कारण मनात पटत होतं. लिहिल्यावर जरा कमी पटतंय.

शुक्रवार, ७, जेवणाची सुट्टी
दुकानाच्या मागच्या जिन्यात उभं राहून तरुणांच्या हेल्पलाइनला फोन. मित्रासाठी विचारतोय, हे आधीच सांगितलं. बाई शांत होत्या. म्हणाल्या, तपासणी सोपी असते, बहुतेक वेळा औषधाने बरं होतं, नाव गुप्त राहतं. पण मित्राने तिला आजच सांगावं; मुलींना कित्येकदा काही जाणवत नाही आणि आत वाढत राहतं. म्हणालो, सांगतो त्याला. पायरीवर बसलो. जिन्यात हवा कमी आहे.

शनिवार, ८
आज सांगणारच होतो. तेवढ्यात तिचा मेसेज : महत्त्वाचं बोलायचंय. म्हणजे मोडायचं असणार. अशा वेळी तिला आणखी ताण देणं बरं नव्हे. मोबाइल बंद. ताईने विचारलं, तोंड का उतरलंय. तिच्याकडे पाठ करून जेवलो.

सोमवार, १०
क्लिनिकला गेलो. म्हणजे फाटकापर्यंत. आत ओळखीचं कोणी असेल तर? रस्ता पाहून ठेवला, तोही तयारीचाच भाग. रात्री जेवण गेलं नाही.

मंगळवार, ११
टोपी, मास्क घालून आत गेलो. कोपऱ्यातल्या खुर्चीवर ती बसली होती.

मास्क असूनही तिने मला ओळखलं. पोट दुखत होतं म्हणून ती गेल्या आठवड्यातल्या सोमवारीच इथे आली होती, एकटी. निदान झालं, औषध सुरू झालं. बुधवारपासून मला तेच सांगायला फोन करत होती. मी घाबरट आहे, म्हणून तिने हळूहळू सांगायचं ठरवलं होतं. आज डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं. मी म्हणालो, मीही तुला सांगणारच होतो.  ती माझ्या टोपीकडे पाहत राहिली.

नर्सने येऊन तिला विचारलं, बरोबर कोणी आहे का.

"नाही," ती म्हणाली, आणि आत गेली.

मग मला फॉर्म दिला. वय, त्रास, कधीपासून, सगळं खरं भरलं. शेवटचा प्रश्न : जोडीदाराला तुम्ही कळवलं आहे का? तिला आधीच माहीत आहे, असं लिहायला जागा नव्हती. बराच वेळ पेन धरून बसलो. मग 'नाही'वर खूण केली.